पथ्यावर पथ्य : नाजूक पोट आणि उतरवायचं वजन

वजन उतरवायला निघालेल्या माणसाच्या हातात बहुधा एकाच वळणाचा आहारतक्ता पडतो. उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू आणि मध. न्याहारीला साय काढलेल्या दुधात ओट्स, वर सफरचंदाच्या फोडी. दुपारी दोन पोळ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि कच्चा कांदा घातलेली मोठी वाटीभर कोशिंबीर. चारच्या सुमारास मूठभर फुटाणे. रात्री फ्लॉवर-मशरूमचं सूप. मध्येच गोड खावंसं वाटलं तर शुगरफ्री च्युइंगगम. उष्मांकांच्या हिशेबाने या तक्त्यात खोट काढायला जागा नाही. पण ज्याचं पोट मुळात नाजूक आहे त्याने तो चार दिवस पाळला, तर पोट टम्म फुगतं, कळा येतात, छातीत जळजळतं आणि पाचव्या दिवशी तो माणूस वरणभातावर परत येतो.

यात त्याची जिद्द कमी पडली असं कोणी म्हणू नये. मध आणि सफरचंद यांत ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं. सफरचंदात सॉर्बिटॉल असतं, तेच शुगरफ्री गममध्येही असतं. दुधात लॅक्टोज, गव्हात आणि कांद्यात फ्रुक्टान, मटकी-हरभऱ्यात रॅफिनोजच्या जातीच्या शर्करा, फ्लॉवर आणि मशरूममध्ये मॅनिटॉल. या सगळ्या शर्करा लहान आतड्यात अर्धवट शोषल्या जातात किंवा मुळीच शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात सरकतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. धडधाकट पोटाला हे जाणवतही नाही. संवेदनशील आतड्याला तेवढाच ताण असह्य होतो.

उलट्या बाजूचा सल्लाही तितकाच अपुरा. पोट बिघडलं की घरोघरी सांगतात : मऊ खिचडी आणि तूप, साबुदाणा, बटाटा, चहाबरोबर टोस्ट किंवा खारी, पोट रिकामं ठेवू नका. पित्ताचा त्रास असलेली माणसं दर दोन तासांनी बिस्किटं खातात, कारण काही खाल्लं की घटकाभर जळजळ थांबते. हे अन्न पोटाला सोसतं खरं, पण त्यात प्रथिनं कमी, तंतू त्याहून कमी आणि स्टार्च-स्निग्धांश भरपूर. वर्षभर असं सांभाळून खाल्लं की पोट जेमतेम शांत राहतं आणि कमरेचा घेर वाढत जातो.

पचनाची तक्रार आणि वाढलेलं वजन एकत्र आलेल्या माणसाची कोंडी ती हीच. दोन्हींसाठी स्वतंत्र पथ्यं सांगितली जातात आणि तो एकावर एक चढवत जातो. आधी दूध सुटतं, मग गहू, मग डाळी, मग फळं. ताटात उरतो भात आणि बटाटा. या विषयावर जे संशोधन झालं आहे ते नजरेखालून घातल्यावर माझं मत असं झालं आहे की यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी निदान, मग पोट स्थिर करणं, मग सावकाश वजन उतरवणं. आणि या तिन्ही टप्प्यांत ताट शक्य तेवढं रुंद ठेवणं.

निदानाच्या टप्प्यावर सर्वांत जास्त घाई होते. आपोआप वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, रक्तक्षय असेल, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागत असेल, ताप येत असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाच्या सवयी बदलल्या असतील, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञाकडेच जायला हवं. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आहे, आणि ‘बरं झालं, वजन उतरतंय’ म्हणत काढलेले महिने महागात पडतात. दुसरी घाई रक्ताच्या चाचणीची. शंभर-दोनशे पदार्थांची यादी देऊन ‘तुम्हाला हे सोसत नाही’ असं सांगणाऱ्या आयजीजी चाचण्यांच्या जाहिराती जोरात असतात. युरोप आणि अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या चाचण्या अन्न न सोसण्याच्या निदानासाठी वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. आयजीजी प्रतिपिंडं सापडतात याचा अर्थ तो पदार्थ आपल्या खाण्यात आहे, एवढाच बहुधा असतो. अशा अहवालावर विसंबून वीस पदार्थ सोडणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं.

पोट सुटलंय की फुगलंय, हेही तपासून घ्यायला हवं. सकाळी सपाट आणि संध्याकाळी सहा महिन्यांच्या गरोदर बाईएवढं दिसणारं पोट चरबीमुळे तसं दिसत नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी अशा रुग्णांचे सीटी स्कॅन केले तेव्हा पोटातला वायू फारसा वाढलेला नव्हता. श्वासपटल खाली दाबलं गेलं होतं आणि पोटाची पुढची भिंत सैल सुटली होती. अशा त्रासावर उपास करून उपयोग होत नाही. पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव मात्र उपयोगी पडतो.

पण फुगण्याआड चरबीही लपते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेलं जोडछायाचित्र वैद्यकीय जगात गाजलं. दोघांचाही बीएमआय २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता मानतात, कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात, ती यासाठीच. टेप सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर लावावी. काट्यावरच्या आकड्यात पाणी आणि मळ यांच्यामुळेच किलो-दीड किलोचा फरक पडत असतो.

आता एकेक पदार्थ. दुधाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये लॅक्टोज पचवणारं विकर लहानपणानंतर कमी होत जातं. भारतात उत्तरेपेक्षा दक्षिणेत हे प्रमाण जास्त. म्हणजे हा आजार म्हणण्यापेक्षा माणसाची सर्वसाधारण घडण आहे. शिवाय त्रास होणं दुधाच्या प्रमाणावर अवलंबून असतं. बहुतेकांना जेवणाबरोबर घेतलेलं १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, त्रास देत नाही. चहातलं दूध तर फारच थोडं. दह्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात, पनीरमधून ते पाण्याबरोबर निघून जातं आणि चक्क्यातूनही बरंचसं निथळतं. साखर न घातलेला चक्का हे वजन उतरवणाऱ्यासाठी उत्तम प्रथिन आहे, त्याकडे फक्त श्रीखंडाचा कच्चा माल म्हणून पाहू नये. व्यायामशाळेत मिळणाऱ्या व्हे पावडरीने पोट बिघडत असेल तर ती कॉन्सन्ट्रेट आहे की आयसोलेट हे पाहावं. पहिल्या प्रकारात लॅक्टोज बरंच जास्त असतं.

गव्हाचा प्रश्न अवघड, आणि त्यावरचे गैरसमजही खूप. सीलिॲक विकारात ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. गहू आणि हा विकार यांचा संबंध दाखवणारे डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिक यांना आपल्या तर्काला बळ मिळालं ते १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात. हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. भारतभरच्या एका पाहणीत, जी २०१६ साली प्रसिद्ध झाली, रक्तात सीलिॲकची प्रतिपिंडं असणाऱ्यांचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. महाराष्ट्रात ज्वारी-भातावर वाढलेल्या घरांतही आता दोन्ही वेळा पोळी असते, तेव्हा शंका आली तर टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी करून घ्यावी. मात्र ती गहू खात असतानाच करायची असते. आधी गहू सोडून मग चाचणी केली तर ती खोटा दिलासा देते.

सीलिॲकचा माणूस काटकुळाच असतो, हीही जुनी समजूत. निदानाच्या वेळी स्थूल असलेले रुग्ण असतात. गहू सोडल्यावर आतडं बरं होतं, अन्न नीट अंगी लागू लागतं आणि अनेकांचं वजन वाढतं. त्यात ‘ग्लूटेन-फ्री’ बिस्किटं आणि केक आले की भरच पडते, कारण त्यांत गव्हाच्या जागी बहुधा मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, साखर आणि तेल असतं. वजनाच्या दृष्टीने आपल्या भाकऱ्या या पाकिटांपेक्षा कितीतरी बऱ्या : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ. उपासाला राजगिरा आणि वरी आहेच.

पण भाकरीतही गहू शिरतो, तो गिरणीत. गव्हाच्या दळणावर ज्वारीचं दळण टाकलं की दगडांत आणि पिठाच्या पिशवीत अडकलेली कणीक ज्वारीच्या पिठात उतरते. भारतात ‘ग्लूटेन-फ्री’ अशी चिठ्ठी लावायला किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. गिरणीतली मूठभर कणीक ती सहज ओलांडते. म्हणून सीलिॲकच्या घरी छोटी घरघंटी ही चैन राहत नाही. हिंगाचंही तसंच. डबीतलं बांधानी हिंग शुद्ध हिंग नसतं, त्यात डिंक आणि पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं, ते चिठ्ठी वाचून घ्यावं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. आपल्याकडच्या सातूच्या पिठातही गहू किंवा जव असतो. एवढी काटेकोर काळजी सीलिॲकच्या रुग्णाला आयुष्यभर घ्यावी लागते, आणि ज्याला सीलिॲक नाही त्याने ती ओढवून घेण्याचं कारण नाही.

मग सीलिॲक नसताना गहू सोडून ज्यांना बरं वाटतं त्यांचं काय? त्यांचा अनुभव खरा असतो, कारण मात्र बहुधा वेगळं निघतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा ३७ जणांच्या आहारातून आधी किण्वनशील शर्करा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या वायू करणाऱ्या शर्करा, कमी केल्या आणि मग त्यांना नकळत ग्लूटेन दिलं. ग्लूटेनचा असा वेगळा परिणाम दिसला नाही. पुढे २०१८ मध्ये नॉर्वेत ५९ जणांना तीन प्रकारच्या म्यूस्ली बार आलटून पालटून दिल्या : एकीत ग्लूटेन, दुसरीत फ्रुक्टान, तिसरीत दोन्ही नाही. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानने झाला. म्हणजे अशा माणसाने दोनऐवजी एक पोळी आणि एक भाकरी घेतली, तर तेवढ्यानेही भागू शकतं.

इथे आपण आयबीएसच्या, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या, दारात आलो आहोत. पोटदुखी, फुगणं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, आणि तपासण्या मात्र चांगल्या. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ च्या सुमारास त्या किण्वनशील शर्करांना फॉडमॅप असं एकत्र नाव दिलं आणि त्या कमी करण्याची पद्धत बसवली. आयबीएसमध्ये ती पुष्कळांना लागू पडते हे चाचण्यांतून दिसलं आहे. पण ही पद्धत तीन टप्प्यांची आहे आणि लोक पहिल्यावरच थांबतात. पहिले दोन ते सहा आठवडे कडक वर्ज्य. मग एकेक गट तीन दिवस वाढत्या मात्रेत परत आणून पाहायचा. मग जे सोसतं ते सगळं ताटात परत घ्यायचं. पहिला टप्पा लांबवला तर आतड्यातले बायफिडोसारखे उपकारक जिवाणू घटतात आणि माणूस खाण्यालाच भिऊ लागतो. शिवाय हा वजन उतरवण्याचा आहार नव्हेच : साखर, तूप, भात, तळलेला बटाटा हे सगळं त्यात बसतं.

मोनाशच्या याद्या आपल्या स्वयंपाकघरात आणायच्या तर सर्वांत मोठी अडचण कांदा-लसणाची. पण फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर फोडणीला वास राहतो आणि त्रास टळतो. तोच लसूण आमटीत उकळून मागून काढला तर उपयोग नाही, तोवर फ्रुक्टान रश्श्यात उतरलेलं असतं. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग चालतो. कांदा-लसूण मसाल्याच्या जागी गोडा मसाला घ्यावा. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांना हा सगळा स्वयंपाक पाठच असतो, आणि आयबीएसच्या रुग्णाने पुस्तकांआधी अशा घरातल्या आजीला विचारावं असं मला मनापासून वाटतं.

डाळी पूर्ण सोडणं ही मात्र मोठी चूक. शाकाहारी माणसाच्या ताटातून डाळ गेली की प्रथिन जातं, आणि प्रथिन कमी पडलं की वजनाबरोबर स्नायूही उतरतात, भूकही लवकर लागते. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिलं, मोड आणले आणि मऊ शिजवलं की वायू करणाऱ्या शर्करा बऱ्याच कमी होतात. सालं काढलेली मुगाची डाळ बहुतेकांना सोसते. राजमा, छोले आणि वाल पोट स्थिर झाल्यावर, अर्धी वाटी, आणि दुपारी. मांसाहारींचं काम सोपं. अंडी, कोंबडी आणि मासे यांत फॉडमॅप नसतातच. कोकणातलं बांगड्याचं तिखलं आणि बेताचा भात हे जेवण, कांदा सांभाळला तर, नाजूक पोटालाही चालतं आणि वजनालाही.

तंतूंबद्दल थोडं. ‘फायबर वाढवा’ हा सल्ला बरोबर असला तरी कोणता तंतू हे सांगितल्याशिवाय तो अपुरा आहे. नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या २७५ रुग्णांना इसबगोल, गव्हाचा कोंडा किंवा नुसतं तांदळाचं पीठ देऊन पाहिलं. इसबगोलने आराम पडला. कोंड्याच्या गटातल्या अनेकांनी त्रास वाढल्यामुळे मध्येच सोडून दिलं. इसबगोल लहान चमच्याने सुरू करावं, भरपूर पाण्याबरोबर घ्यावं आणि आठवड्याआठवड्याने वाढवावं.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत सर्वांत गाजलेला वाद किती वेळा खावं याचा. डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगितलं. ऋजुता दिवेकरांनी थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा पुरस्कार केला. वजनाच्या बाबतीत निव्वळ वेळापत्रकाने फारसा फरक पडत नाही असं दिसतं. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल लोकांवर वर्षभर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उष्मांक सारखेच कमी केले तेव्हा आठ तासांच्या खिडकीत खाणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा लक्षणीय जास्त उतरलं नाही.

पण पोटाच्या बाबतीत फरक पडतो, आणि या वादात तो मुद्दा मागे राहिला. रिफ्लक्सच्या रुग्णाने दिवसभराचं अन्न दोन मोठ्या जेवणांत कोंबलं तर जठर ताणलं जातं, वरची झडप सैल होते आणि आम्ल वर येतं. दुसरं जेवण रात्री नऊला असेल तर आणखीच. थोडक्या जेवणानेच पोट गच्च होणाऱ्यांचंही तसंच. त्यांना तीन-चार छोटी जेवणं बरी. उलट ज्याला सतत चघळायची सवय आहे आणि पोट कायम जड वाटतं, त्याला दोन खाण्यांमध्ये चार तासांचं अंतर मानवतं. उपाशी असताना दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. काही खाल्लं की ती थांबते. दर तासाला बिस्किट खाणाऱ्याच्या आतड्याला ही संधीच मिळत नाही.

रिफ्लक्सच्या रुग्णाला वजन उतरवण्याचा फायदा थेट मिळतो. कमरेची चरबी जठरावर दाब आणते. ती कमी झाली की जळजळ कमी होते आणि काहींच्या गोळ्याही सुटतात. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, आणि जेवणानंतर शतपावली. शतपावलीने वायू सरकतो आणि जेवणानंतरची रक्तशर्कराही कमी चढते.

वेगाचा मोह टाळायलाच हवा. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो : यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि स्निग्धांश न मिळाल्याने पित्ताशय रिकामं होत नाही. ज्यूसवर काढलेले पंधरा दिवस म्हणूनच धोक्याचे. आठवड्याला अर्धा किलो ही गती संथ वाटते, पण त्यात चमचाभर तूप ताटात राहतं आणि पित्ताशयही चालतं राहतं.

शेवटी औषधं. ऑर्लिस्टॅट अन्नातला सुमारे ३० टक्के स्निग्धांश शोषू देत नाही; तो तेलकट जुलाबांच्या रूपात बाहेर पडतो, तेव्हा ज्याला मुळातच जुलाबांचा त्रास आहे त्याने ते न घेतलेलं बरं. भारतात मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आलं. त्यांचा गुण मोठा आहे : सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. पण ही इंजेक्शनं जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात. त्याच चाचणीत ४४ टक्के लोकांना मळमळ झाली, ३१ टक्क्यांहून जास्त लोकांना जुलाब, आणि पित्ताशयाच्या तक्रारी औषध न घेतलेल्यांच्या दुप्पट. म्हणून जुना बद्धकोष्ठ, पित्ताचे खडे, स्वादुपिंडाचा दाह किंवा मधुमेहामुळे मंदावलेलं जठर यांपैकी काही असेल तर पहिलं इंजेक्शन घेण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांनी २.४ पर्यंत वाढवतात. पोट कुरकुरत असेल तर डॉक्टरांशी बोलून आहे त्याच मात्रेवर आणखी महिनाभर थांबता येतं. त्या महिन्यात जेवण छोटं ठेवावं, तळलेलं टाळावं आणि ताटातलं प्रथिन आधी संपवावं, कारण चार घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं आणि भात आधी खाल्ला तर डाळ-अंडं राहूनच जातं.